शेजारच्या आजींची वही आणि स्वीडिश बायकांचं मंडळ

चाफेकळी | ५ डिसेंबर, रात्री १०:५०

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय. लांबलाय, चहा घेऊनच बसा.

आम्ही शिकागोच्या उत्तर भागात राहतो. अँडरसनव्हिल इथून चालत वीसेक मिनिटांवर. एकेकाळी ही स्वीडिश लोकांची पेठ होती. १८७१ च्या मोठ्या आगीनंतर शहराच्या हद्दीत लाकडी घरं बांधायला बंदी आली, तेव्हा ज्यांना विटांचं घर परवडत नव्हतं असे बरेच जण हद्दीबाहेर उत्तरेला सरकले. त्यात स्वीडिश खूप होते. १९०० च्या आसपास शिकागोत इतके स्वीडिश होते, की स्टॉकहोम सोडलं तर जगातलं सगळ्यात मोठं स्वीडिश शहर हेच, असं म्हणायचे. आता क्लार्क स्ट्रीटवर स्वीडिश म्युझियम आहे, दाराबाहेर निळे-पिवळे झेंडे आहेत आणि पाण्याच्या टाकीवरही तोच झेंडा रंगवलाय. राहायला मात्र सगळ्या देशांचे लोक. जुनी स्वीडिश बेकरी २०१७ मध्ये बंद झाली. शेवटच्या दिवसांत थंडीत लोक रांगा लावून उभे होते, त्यात मीही होते.

मूळ मुद्दा आमच्या शेजारच्या आजींचा. वय ८८, जन्म इथलाच. त्यांची आई विशीच्या आत स्वीडनमधल्या स्मोलांडहून एकटी बोटीने आली आणि एका श्रीमंत घरात कामाला लागली. तेव्हा असंख्य स्वीडिश मुली हेच करायच्या. राहायला खोली, जेवण, हातात रोख पगार, आणि सुट्टी गुरुवारी दुपारी आणि एकाआड एक रविवारी. म्हणून बायकांचं जे काही असेल ते गुरुवारी: चर्चमधलं शिवणकाम, गाणं, कॉफी. आजींच्या आईचं मंडळही गुरुवारचंच. पुढे कामवाल्या मुलींची लग्नं झाली, त्यांनी स्वतःची घरं घेतली, तरी वार बदलला नाही.

गेल्या वर्षी ते मंडळ बंद झालं. सातजणी उरल्या होत्या, त्यातल्या दोघींना गाडी चालवता येत नाही. आजी शेवटच्या सेक्रेटरी. ऑक्टोबरात त्यांनी मला बोलावलं आणि चार जाड वह्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा समोर ठेवला. "तू कॉम्प्युटरवालं काम करतेस ना, याचे फोटो काढून दे. म्युझियमला विचारून बघते, त्यांना हवं असेल तर."

तेव्हापासून रोज रात्री दहा-बारा पानं स्कॅन करतेय. इतिवृत्तच आहे सगळं: कोण हजर, किती वर्गणी, कोणाकडे बाळ झालं, कोणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन, लुसियाच्या सणाला (स्वीडिश लोकांचा डिसेंबरातला) कोण काय करून आणणार. पहिली दीड वही स्वीडिशमध्ये, तिरप्या सुंदर अक्षरात. आणि मग एका पानावर ठराव येतो, की यापुढे इतिवृत्त इंग्रजीत लिहावं, मुलींना वाचता येत नाही. हा ठराव स्वीडिशमध्येच लिहिलाय! आजींच्या भाच्याने वाचून अर्थ सांगितला तेव्हा कळलं. पुढचं पान इंग्रजी. अक्षर तेच.

गंमत पुढे आहे. इंग्रजी पानांतसुद्धा कॉफीबरोबर काय होतं त्याची नावं स्वीडिशच. भाषा गेली त्याला ऐंशीहून अधिक वर्षं झाली, बिस्किटांची नावं शेवटच्या पानापर्यंत टिकली.

आता माझं दुखणं. मी आमच्या इथल्या मराठी महिलामंडळाची सचिव आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची बैठक झाली, त्यात दोघीतिघींनी सुचवलं की यंदा सगळं सूत्रसंचालन इंग्रजीत करूया, नव्या सुना आणि मुलींना कळत नाही, त्या कोपऱ्यात फोन बघत बसतात. खोटं नाहीये ते. पण मी त्याच रात्री घरी येऊन ते ठरावाचं पान स्कॅन केलं होतं. झोप लागली नाही.

तुम्ही काय केलं असतंत?

---

तांबडापांढरा | ५ डिसेंबर, रात्री ११:३५

पहिला नंबर. आमच्या मंडळात इतिवृत्त कुठल्याच भाषेत लिहीत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न आलेला नाही.

चेष्टा सोडा, फार सुंदर लिहिलंयत ताई. एक शंका. फक्त बायकांचं मंडळ कशाला? पुरुष काय करत होते?

---

चाफेकळी | ६ डिसेंबर, सकाळी ७:१०

@तांबडापांढरा, पुरुषांच्या संस्था आधीपासून होत्या, त्या पैशांच्या होत्या. आजारी पडलं तर आठवड्याला अमुक डॉलर, मेलं तर मयताचा खर्च. सरकारी विमा नव्हता तेव्हा. वासा ऑर्डर ही स्वीडिश लोकांची संस्था १८९६ ची, कनेटिकटच्या न्यू हेवनमधली. तीही अशीच मदतीसाठी निघाली. नंतर तिच्या शेकडो शाखा झाल्या. बायकांच्या मंडळाकडे विम्याचे पैसे नव्हते, त्यांनी कॉफी विकून पैसे उभे केले. वहीत एके ठिकाणी पूर्ण पानभर हिशोब आहे: साखर, लोणी, कॉफी, भाड्याने आणलेल्या कपबश्या, फुटलेल्या कपबश्या.

---

स्टॉकहोमकर | ६ डिसेंबर, दुपारी १:०५

धागा उघडला आणि ऑफिसचं काम बाजूला ठेवलं. चौदा वर्षं इथे आहे, म्हणून थोडं या बाजूने.

चाफेकळी, तुमच्या आजींचं स्वीडन आता स्वीडनमध्ये नाही. वाईट अर्थाने म्हणत नाही. तिकडच्या स्वीडिश-अमेरिकन चर्चमध्ये कॉफीच्या भुकटीत आख्खं अंडं कालवून उकळतात. मिनेसोटात तर त्याला 'स्वीडिश अंड्याची कॉफी' म्हणतात. माझ्या सासूबाईंना (त्या इथल्याच, उप्सालाच्या) सांगितलं तर त्यांनी मला नीट बघून घेतलं, ताप वगैरे आहे का. त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नाही. लुटफिस्कचंही तेच. वाळवलेला मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून फुगवायचा, मग परत साध्या पाण्यात दिवसेंदिवस ठेवायचा, शेवटी थरथरणारी जेली. इथे नाताळात म्हातारी मंडळी खातात, तरुण नाकं मुरडतात. अमेरिकेत त्याच्या पंगती उठतात म्हणे, तिकिटं लावून.

आणि लुसिया! १३ डिसेंबरला पांढरा झगा, कमरेला लाल फीत, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट. सगळ्यांना वाटतं हजार वर्षांची प्रथा. पांढऱ्या झग्यातल्या लुसियाची पहिली नोंद १७६४ ची आहे, पश्चिमेकडच्या एका जमीनदाराच्या वाड्यातली. पुढे बराच काळ ती तिकडच्या घरांपुरतीच होती. सगळ्या देशात पसरली ती १९२७ नंतर. त्या वर्षी स्टॉकहोमच्या एका वर्तमानपत्राने लुसिया निवडायची स्पर्धा घेतली आणि मिरवणूक काढली. आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. घरातला गणपती १८९३ मध्ये टिळकांनी चौकात आणला, पाठीशी 'केसरी' होता.

म्हणजे तुमच्या आजींच्या आई जर त्याच्या आधी निघाल्या असतील, तर त्यांनी लुसिया गावाकडे अशी पाहिलीही नसेल. शिकागोत येऊनच शिकल्या असतील!

---

चाफेकळी | ६ डिसेंबर, दुपारी ४:२०

बाप रे. १९२३ ला निघाल्या त्या. आजींना हे सांगू की नको?

---

तांबडापांढरा | ६ डिसेंबर, दुपारी ४:२६

नका सांगू.

---

शंकासूर | ६ डिसेंबर, रात्री ८:४५

सगळे गहिवरलेत, म्हणून थोडं मीठ टाकतो.

एक, संस्कृती म्हणजे सात प्रकारची बिस्किटं आणि लोकनृत्याचा घागरा एवढीच असेल तर ती गेली तरी काय बिघडलं? दोन, हे 'जपणं' कायम बायकांच्याच गळ्यात का? पुरुष संस्था काढतात, अध्यक्ष होतात, बायका लोणी फेटतात आणि त्याला संस्कृतिरक्षण म्हणायचं. आमच्या इथे गणपतीत एकवीस जणी मोदक वळतात आणि स्टेजवर सत्कार चार पुरुषांचा. तीन, स्वीडिश लोक गोरे, प्रोटेस्टंट. त्यांना मिसळून जाणं सोपं होतं, म्हणून भाषा सोडली. त्यात दुःख कसलं, सोय होती.

---

आयोवावासी | ६ डिसेंबर, रात्री १०:१५

@शंकासूर, तिसऱ्या मुद्द्याला थोडा विरोध. नुसती सोय नव्हती. पहिल्या महायुद्धात इकडे परक्या भाषांविरुद्ध वातावरण फार तापलं. आमच्या आयोवात गव्हर्नर हार्डिंग यांनी २३ मे १९१८ ला फतवा काढला: शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, इतकंच काय टेलिफोनवरही फक्त इंग्रजी. चर्चमधलं प्रवचनसुद्धा. रोख जर्मनांवर होता, पण स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश, चेक सगळेच भरडले गेले. ज्या म्हातारीला इंग्रजी येतच नव्हतं तिने देवाशी कुठल्या भाषेत बोलायचं? टेलिफोनवर जर्मन बोलल्याबद्दल स्कॉट काउंटीतल्या शेतकऱ्यांच्या बायकांना दंड झाल्याची गोष्ट इकडे अजून सांगतात. त्या काळी एका तारेवर सात-आठ घरांचे फोन असायचे, कोणीतरी ऐकून चुगली केली.

फतवा त्याच वर्षी युद्धाबरोबर संपला. पण भीती बसली ती बसली. वर १९२४ च्या कायद्याने येणाऱ्यांची संख्या आवळली. गावाकडून नवीन माणूस येईना, मग स्वीडिश बोलायचं कोणाशी?

---

चाफेकळी | ६ डिसेंबर, रात्री ११:००

@शंकासूर, दुसरा मुद्दा पटला. मोदकांचं तर शंभर टक्के. पण लोणी फेटणाऱ्या बायका फक्त लोणीच फेटत होत्या असं नाही. एमी एव्हाल्ड यांचं नाव ऐकलंयत का? शिकागोतल्या एका स्वीडिश पाद्र्याची मुलगी. १८९२ मध्ये कॅन्ससच्या लिंड्सबोर्गला त्यांनी ऑगस्टाना चर्चच्या (हे इथल्या स्वीडिश लुथरन लोकांचं चर्च) बायकांची मिशनरी सोसायटी उभी केली आणि चाळीसेक वर्षं तीच चालवली. चर्चच्या पुरुषांना त्यांचं करायचं काय हा प्रश्न पडलेला असायचा, कारण पैसा या बायकांकडे होता. तो जमा कसा केला? कॉफी, शिवणकाम, वर्गणी. १९०२ मध्ये त्या वॉशिंग्टनला जाऊन काँग्रेसच्या समितीपुढे बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी बोलल्या. मताचा अधिकार देशभर मिळाला १९२० ला.

म्हणजे बिस्किटं हा पैशाचा मामला होता. आमच्या वहीतही त्याच पैशातून एका विधवेचं भाडं दिल्याची नोंद आहे. नाव लिहिलेलं नाही, नुसतं 'एका भगिनीला'. कोण ते सगळ्यांना ठाऊक असणार.

---

सूर्यफूल_कॅन्सस | ७ डिसेंबर, सकाळी ९:३०

लिंड्सबोर्गचं नाव आलं म्हणून वाचनमात्रपणा सोडला! मी विचिटाला असते, तिथून सव्वा तासावर. लोकवस्ती साडेतीन हजारांच्या आतबाहेर, आणि १८८२ पासून दर ईस्टरला हेंडेलचं 'मसीहा' गातात. ज्यांनी सुरू केलं त्या पाद्र्याची बायको, आल्मा स्वेन्सन, शेतकऱ्यांना सूर शिकवायची. त्यातल्या बऱ्याच जणांना धड इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी इंग्रजी शब्द घोकून पाठ केले. म्हणजे भाषेचं उलटंच झालं बघा इथे.

विषम वर्षांत ऑक्टोबरात मोठा उत्सव असतो. आम्ही दोनदा गेलोय. शाळेतली मुलं स्वीडिश लोकनृत्य करतात, पोशाख आयांनी-आज्यांनी शिवलेले. माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीचा मुलगा त्यात होता, आडनाव मेक्सिकन. तिला विचारलं, तुमचा काय संबंध? ती म्हणाली, "गावात राहतो ना." मला हे फार आवडलं. आपण आपल्या मंडळात किती अमराठी मुलांना लेझीम दिली हातात?

---

बडोदेकर | ७ डिसेंबर, सायंकाळी ५:४०

आम्ही बडोद्याचे, म्हणजे 'बाहेर' राहून मराठी टिकवण्यात मुरलेले. पुण्याचे पाहुणे आले की आमच्या बोलण्याला हसतात. आम्ही त्यांच्या बोलण्यात मराठी शब्द मोजतो.

पण खरे गुरू तंजावरकर. साडेतीनशे वर्षं झाली व्यंकोजीराजे तिकडे जाऊन. माझी वहिनी तिकडची. तिच्या माहेरी घरात मराठी बोलतात, पण लिहायची वेळ आली की तमिळ लिपी. आजीच्या पत्रात मजकूर मराठी, अक्षरं तमिळ! बोली राहिली, लिपी गेली. शिकागोच्या बायकांचं उलटं: वही राहिली, बोली गेली.

मला विचाराल तर इतिवृत्ताची भाषा हा मुद्दाच नाही. घरात रागवताना कुठली भाषा येते ते बघा. तंजावरला राग मराठीत येतो.

---

हॉलिवूडची_पायरी | ७ डिसेंबर, रात्री ९:५५

बडोदेकर, शेवटच्या ओळीला +१००.

मी लॉस एंजेलिसची. इथे या कथेची दुसरी बाजू दिसते. १९७९ मध्ये आग्नेता नील्सन नावाच्या स्वीडिश बाईंनी इथे 'स्वेआ' काढली, स्वीडिश बायकांची शैक्षणिक संघटना. आज तिच्या शाखा तीसेक देशांत आहेत. सदस्य व्हायचं तर स्वीडिश बोलता यायला हवं. नवरा कुठलाही असो, पासपोर्ट कुठलाही असो, भाषा हवी. बैठका स्वीडिशमध्ये. शिष्यवृत्त्या देतात, नाताळचा बाजार भरवतात. मी एकदा त्या बाजारात गेले होते. बत्तीस अंश ऊन, आणि बायका लोकरी पोशाखात उकडलेल्या चेहऱ्यांनी गरम मसाल्याची वाइन विकतायत.

चाफेकळींच्या आजींचं मंडळ आणि हे, दोन्ही स्वीडिश बायकांचीच. पण माणसं वेगळी. त्या मुली भुकेने निघालेल्या. १८६७ ते ६९ चा दुष्काळ आणि पुढची साठ वर्षं मिळून बारा-तेरा लाख लोकांनी देश सोडला, बहुतेकांनी अमेरिकेसाठी. परत जायचं तिकीट परवडणारं नव्हतं. 'स्वेआ'तल्या बायका नोकरीने, लग्नाने आलेल्या, दर उन्हाळ्यात माहेरी जाणाऱ्या. नवीन पुस्तक, नवीन शिवी, नवीन गाणं त्यांच्याकडे लगेच पोचतं. भाषेची अट त्यांना झेपते.

आपण कोण आहोत? बोटीवाल्या की विमानवाल्या? मला वाटतं विमानवाल्या. मग इतक्या लवकर हात का टेकायचे?

---

शंकासूर | ७ डिसेंबर, रात्री १०:३०

विमानवाल्या आयांच्या मुली मात्र बोटीवाल्यांसारख्याच असतात. त्यांचं माहेर इथेच आहे. भाषेची अट घातली तर तुमच्या मंडळात तुमचीच मुलगी येऊ शकणार नाही. माझी येणार नाही. 'बाबा, व्हॉट इज वाण?' असं विचारते.

(मीठ जास्त झालं असेल तर सांगा.)

---

स्टॉकहोमकर | ८ डिसेंबर, दुपारी १२:४५

नाही, बरोबर पडलंय मीठ. यावरूनच सांगते.

इथल्या शाळेत परक्या मातृभाषेचा तास मिळतो. सत्तरच्या दशकापासूनची पद्धत आहे. घरात रोज ती भाषा बोलली जात असेल, गावात त्या भाषेची निदान पाच मुलं असतील आणि शिक्षक मिळत असेल, तर नगरपालिकेने शिकवणी द्यायची, फुकट. मुलगी पहिलीत गेली तेव्हा मी पाच मराठी मुलं शोधायला निघाले. चार मिळाली. पाचवं मिळेना! एका कुटुंबाने सांगितलं आम्ही घरी इंग्रजीच बोलतो. दुसरे म्हणाले हिंदी घेतोय, पुढे उपयोग होईल. शेवटी पाचवा मिळाला तो एका तेलुगू बाबांचा आणि सोलापूरच्या आईचा मुलगा. त्या बाईंनी घरी फक्त मराठी चालवली होती, नवऱ्यालाही शिकवली होती.

मग शिक्षक मिळेना. ते वर्ष मीच शनिवारी चौघांना-पाचांना घरी बसवलं. पुढच्या वर्षी शिक्षिका मिळाली.

बघा, सरकार द्यायला बसलंय आणि अडलं कुठे, तर पाचव्या मुलापाशी. म्हणून चाफेकळी, सूत्रसंचालन कुठल्या भाषेत यापेक्षा त्या कोपऱ्यात फोन बघणाऱ्या मुलींच्या हातात काय देताय ते बघा. इथे लुसियाच्या मिरवणुकीत एकही मूल प्रेक्षक नसतं. कोणी तारेवाला मुलगा, कोणी आल्याचं बिस्किट, कोणी नाताळचा बुटका. माझी मुलगी तीन वर्षं बिस्किट होती. गाणी पाठ झाली आपोआप.

---

आजीचीवाटी | ८ डिसेंबर, रात्री ८:००

एवढी चर्चा झाली आणि कोणी पाककृती दिली नाही, धन्य आहे मराठी जालविश्व.

लुसियाचे केशरी पाव, लुस्सेकॅटर. मी दर वर्षी करते, माझ्या नवऱ्याच्या बॉसची बायको स्वीडिश होती, तिच्याकडून शिकले. किलोभर मैद्याला एक ग्रॅम केशर लागतं. चमचाभर साखर घालून खलात कुटायचं, आपण श्रीखंडाला करतो तसंच. कोमट दूध, यीस्ट, वितळलेलं लोणी पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास, साखर चवीने. हे पाव दुसऱ्या दिवशी कोरडे पडतात, म्हणून त्या बायका त्यात 'केसेला' घालतात. ते काय असतं म्हणून शोधलं तर आपला चक्का! पाव किलो चक्का बिनधास्त घाला. मळून फुगू द्या, मग दोरीसारखे वळून इंग्रजी एस-सारखा आकार, दोन्ही टोकांच्या गुंडाळीत एकेक बेदाणा. वरून अंडं लावून कडक ओव्हनमध्ये आठेक मिनिटं.

वेलदोडा यात नसतो, तो त्यांच्या रोजच्या बन्समध्ये. भरपूर असतो, आणि भरडच कुटलेला. सायबेरियाच्या रेषेत राहणाऱ्या लोकांना वेलदोड्याचं इतकं वेड कुठून लागलं देव जाणे.

---

नंदुरबारी | ९ डिसेंबर, सकाळी ६:२०

छान धागा. आमच्या खानदेशात स्वीडिश मिशनरी बरीच वर्षं होते. माझे आजोबा सांगायचे, एक मॅडम अहिराणी फर्डी बोलायच्या, बाजारात भाव करायच्या. त्या नाताळला काय खात असतील हा विचार आज पहिल्यांदा आला डोक्यात. केशर नव्हतं नक्की.

---

चाफेकळी | १४ डिसेंबर, सकाळी ११:१५

उशिरा येतेय, माफ करा. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

काल लुसिया होती. म्युझियमपासून क्लार्क स्ट्रीटवरून मिरवणूक निघून एबेनेझर चर्चला जाते. आजींना व्हीलचेअरमधून नेलं. मुकुटातल्या मेणबत्त्या बॅटरीच्या, कारण खऱ्या असताना केस जळल्याचे किस्से आजींकडे तीन-चार आहेत. पुढे चालणाऱ्या मुलींमध्ये एक कोरियन दिसणारी होती, दोन कृष्णवर्णीय बहिणी होत्या. आजींना विचारलं कसं वाटतं. म्हणाल्या, "सुरात आहेत. आम्ही नव्हतो."

१९२७ चं सांगितलं शेवटी. राहवेना. आजी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आई आणि स्वीडन, दोघं एकाच वेळी शिकले." विषय संपला.

हळदीकुंकवाचं असं ठरलंय: सूत्रसंचालन दोन्ही भाषांत, बारा ते सोळा वयाच्या दोन मुली करणार, मराठी वाक्यं त्यांनी रोमन लिपीत लिहून घेतली तरी चालतील (बडोदेकर, तुमच्या वहिनींना सांगा). उखाणे मराठीतच, अमराठी सुनांनीही. त्यावरून सगळ्यात जास्त उत्साह त्यांनाच आलाय, एक पंजाबी सून आत्तापासून यमकं शोधतेय. शंकासूर, मोदकांबद्दल बोलले बैठकीत. तिळगूळ यंदा पुरुष वळणार. किती वळले जातील ते जानेवारीत कळवते. इतिवृत्त मी मराठीत लिहिणार, मी सचिव आहे तोवर. पुढचीने काय ते ठरवावं.

एक अडचण उरलीये, @स्टॉकहोमकर मदत करा. डब्यात पाककृतींची कार्डं निघाली. सगळी इंग्रजीत, फक्त मधेच एक शब्द वारंवार येतो: 'योर्टहूर्नसाल्ट'. मला आधी बाईचं नाव वाटलं. भाच्यालाही कळेना. आजी म्हणतात पांढरी पूड असायची, आता मिळत नाही, त्याशिवाय ती बिस्किटं जमत नाहीत.

---

स्टॉकहोमकर | १४ डिसेंबर, दुपारी २:३०

शब्दशः हरणाच्या शिंगाचं मीठ! पूर्वी खरंच शिंगांपासून करायचे. आता तो अमोनियम कार्बोनेटचा प्रकार, बेकरीतला अमोनिया. इथे वाण्याकडे छोट्या डब्यात मिळतो. त्याने बिस्किट हलकं आणि खुसखुशीत होतं, तोंडात विरघळतं. 'द्रोम्मार' म्हणजे 'स्वप्नं' नावाची बिस्किटं असतील त्या कार्डावर, बघा. पातळ आणि कोरड्या बिस्किटांनाच वापरतात, जाड केकमध्ये वास आत अडकतो.

---

आजीचीवाटी | १४ डिसेंबर, दुपारी ३:१०

अगं बाई, हे तर आमच्या लहानपणी बेकरीत नानकटाईला घालायचे! आपण तूप-साखर-मैदा घरून न्यायचो आणि बेकरीवाला त्याच्याकडची पांढरी पूड टाकायचा. भट्टीजवळ उभं राहवत नसे.

---

चाफेकळी | १५ डिसेंबर, रात्री ९:४०

'स्वप्नं'च आहेत कार्डावर! ऑनलाइन मागवली पूड, आज आजींच्या स्वयंपाकघरात घाणा काढला. मी ओव्हनचं दार उघडायला वाकले आणि आजी मागून जोरात ओरडल्या. स्वीडिशमध्ये. मी दचकून मागे सरकले, तेवढ्यात अमोनियाचा भपकारा आला, डोळ्यांतून पाणी.

त्यांना विचारलं, काय म्हणालात? त्यांनाही आठवावं लागलं. "तोंड बाजूला घे," असं आई म्हणायची.

बडोदेकर, तुमच्या यादीत हे घाला.

बिस्किटं उत्तम झालीत. अर्धी जळली.

---